डबीतला चिंचोका

कार्तिक वद्य ६, सोमवार. फसली १३५१, लातूर.

माझी बाज उचलून ज्वारीच्या कोठीत टाकली! मी मठातून परत येईपर्यंत दम निघाला नाही कुणाला. लग्न होऊन आले तेव्हापासून ती बाज पुढच्या खोलीत होती. आता तिथं सतरंजी, सतरंजीवर लाकडाचे ठोकळे, आणि ठोकळ्यांवर सगळ्या धान्यगंजाची शेंबडी पोरं.

सून म्हणते शाळा नव्हे, बालमंदिर. उमादेवी, सोलापूरची. लग्नाआधी तिथं लहान पोरांना शिकवायचं काहीतरी शिकून आलीय. तिचा बसू — माझा नातू — गेल्यापासून घरात तोंडातून शब्द काढत नव्हती. म्हणून मलप्पा — माझा लेक — म्हणाला, 'करू दे तिला.' लेकानं परवानगी दिली. माझ्याकडून घेतली कुणी?

वर आणखी हे. शाळा काढायची तर सरकारची इजाजत लागते, ती मिळेपर्यंत पोरांना मिशा फुटतील. म्हणून मलप्पानं तहसिलीत सांगून ठेवलंय, 'शाळा कुठली, आमची अव्वा आळीतली पोरं सांभाळती.' म्हणजे नाव माझं! मला न विचारता. उद्या पोलिसांचा अमीन आला तर बेडी म्हातारीला.

लिहून ठेवते. कोणी विचारायला आलं तर मलप्पानं जबाब द्यावा. मी देणार नाही.

ही वहीसुद्धा सुनेनंच दिली. 'अव्वा, कोणतं मूल काय करतं ते बघून लिहीत जा.' मठातल्या अय्यांनी मला अक्षरं शिकवली, तेवढ्यावर वाणसामानाची चिठ्ठी निभते. पण वही कोरी होती, आणि या घरात माझं ऐकणारं दुसरं कोणी नाही.

कार्तिक वद्य ९.

बघितलं. लिहिते. सून पोरांपुढं तूर आणि हरभरा एकत्र करून ठेवते आणि म्हणते, निवडा. पोरं निवडतात. निवडून झालं की ती पुन्हा एकत्र करते! हे शिक्षण. मी जन्मभर निवडत आले, मला कोणी पंतोजी म्हटलं नाही.

मारायचं नाही. बागुलबुवा म्हणायचं नाही. शेजारच्या वीरण्णा शेट्यांचा नातू चावतो — आजा बोलून चावतो, नातू दातानं. मी एक ठेवून देणार होते, सून मधे आली. 'अव्वा, त्याचे दात शिवशिवतात. गाजर द्या.' चावणाऱ्याला गाजर! मग मला रोज एखादं गाजर द्या, मीही चावते.

दुपारचं लाह्या-गूळ माझ्या हातून जातं. आधी गळ्यातली लिंगाची डबी डाव्या तळहातावर घ्यायची, कपाळाला लावायची, मग घास. हा नियम माझा. सगळी आपल्याच लिंगायत वाण्यांची पोरं, जन्मल्यापासून लिंग गळ्यात, पण शिकवल्याशिवाय काही येत नाही.

कार्तिक वद्य १२.

आज महादेवीनं एक नवी पोरगी आणली. महादेवी म्हणजे घरोघर फिरून पोरं आणते-पोचवते ती. पोरगी चार-पाच वर्षांची, डोळे एवढाले. परकर-पोलकं कोरं, घडीच्या रेघा दिसतायत. नाव शिवगंगा.

'कुणाची गं?'

महादेवी सुनेकडं बघते. सून खिडकीकडं बघते.

'नांदेडची आहे, अव्वा. इथं मावशीकडं आलीय.'

'कोणती मावशी?'

'आहे एक.'

लातुरात माझ्या ओळखीबाहेरची मावशी!

'शिवगंगे' म्हणून हाक मारली. वळली नाही. पुन्हा मारली. शेजारच्या पोरीनं ढोसलं तेव्हा वळली. बहिरी म्हणावी तर लाह्यांच्या टोपलीचा आवाज सगळ्यांत आधी हिनंच ऐकला.

काहीतरी शिजून राहिलंय.

कार्तिक वद्य १४.

पाण्याचं लिहायचं आहे. बाकीची पोरं माठातून लोट्यानं घेतात, अर्धं पितात, अर्धं अंगावर. ही माठाजवळ जात नाही. लांब उकिडवी बसते, ओंजळ धरते, आणि वाट बघते — कोणीतरी येऊन वरून ओतावं म्हणून! राजाची लेक! सून उठते आणि ओतते.

हाताखाली माणसं राबणाऱ्या घरची आहे. सतरंजीवरही बसत नाही, दारात जोड्यांजवळ बसते. पाहुणी ना, निघायची घाई. आणि लिंगाची डबी घेते ती उजव्या हातावर! आईनं डावा-उजवा शिकवला नाही. पोरीला कोरं पोलकं आहे, वळण नाही. असलं घर कोणाचं असतं ते मला सांगायला नको. बाई ठेवलेली असते, झुला असतो, नोकर असतात, आणि देवाधर्माचं नाव नसतं.

मलप्पा कपाशीच्या सौद्याला सारखा नांदेडला जातो.

एवढंच लिहिते. पुढचं लिहायला हात धजत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध २.

जेवताना विचारलं.

'नांदेडला उतरतोस कुठं?'

'धर्मशाळेत.'

'तिथं वाढतं कोण?'

'आचारी, अव्वा. दुसरं कोण?'

'मिशीवाला का बिनमिशीचा?'

घास अडकला त्याचा. मग हसायला लागला. 'तुला मिशीवाला आणून दाखवू का?' सूनही पदरात हसली. हसण्यावारी नेतात म्हणजे आत काहीतरी आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ५.

तालिमातचा, म्हणजे सरकारी शाळाखात्याचा माणूस आला! टांग्यातून उतरला, शेरवानी, हातात रूळ. कोणीतरी चुगली केली हे उघड आहे. माझा शक वीरण्णावर.

सुनेनं ठोकळे कोठीत ढकलले — आता सुचली कोठी! — आणि मला पोरांच्या मधे बसवलं. तो माणूस दारातून म्हणाला, 'ये मदरसा है क्या?'

मलप्पा हात जोडून, 'नै साब, बुड्ढी माँ है, बच्चे संभालती.'

'क्यूँ अम्मा?'

मी बहिरी झाले. कानाला हात लावला, डोळे बारीक केले, मलप्पाकडं बोट दाखवलं. माझं आधीच ठरलं होतं, जबाब त्याचा. तेवढ्यात वीरण्णाच्या नातवानं साहेबाच्या रुळाचं टोक तोंडात धरलं. साहेब हसला आणि गेला. तो नातू कधी नव्हे ते उपयोगी पडला.

एक बघितलं. साहेब आला तेव्हा सगळी पोरं त्याच्याकडं पळाली. शिवगंगा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हलली नाही. साहेबाची एवढी धास्ती कशाला? गंजातलं एकही पोर भ्यालं नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ९.

बघितली. डबी हातात घेऊन बघितली.

पोरगी झोपली होती, दुपारी सून सगळ्यांना निजवते तेव्हा. गळ्यातली डबी चांदीची, बाजूला वेलबुट्टी — ती आमच्याच सोनाराची. आणि कोपऱ्याला दाताची खूण.

ती बसूची डबी आहे. दात येताना तो ती चावायचा. बसू गेला तेव्हा लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं, ते त्याच्याबरोबर मातीत गेलं. डबी सुनेनं ट्रंकेत ठेवली. मी म्हटलं होतं, मोडीत घाल. तिनं घातली नाही.

आणि आता ती या पोरीच्या गळ्यात!

घरची डबी घरच्याच लेकराला देतात. बाहेरच्याला कोण देतं? म्हणजे सुनेलाही सगळं ठाऊक आहे. नवऱ्याची नांदेडची लेक घरात घेऊन तिला पाणी पाजून राहिली. बाई आहे का धोंडा?

मार्गशीर्ष शुद्ध ११.

महादेवीला कोठीत गाठलं.

'खरं सांग, कुणाची पोरगी?'

'मला काय ठावं, अव्वा. उमावहिनी म्हणल्या आण, मी आणते.'

'कुठून आणतेस?'

'गंजाकडून.'

'गंजात कुणाच्या घरातून?'

'घरातून न्हाई, अव्वा... रस्त्यातूनच घेते.'

'म्हणजे तिला आणून सोडणारं माणूस घर दाखवत नाही!'

रडायला लागली. महादेवीला रडायला काही लागत नाही. पण माझं उत्तर मला मिळालं.

मार्गशीर्ष वद्य ३.

पोरीचे कान बघितले. मलप्पाचेच.

मार्गशीर्ष वद्य ४.

पुन्हा बघितले. मलप्पाचे नाहीत. पण आमच्या ह्यांचे होते तसे. म्हणजे तेच.

मार्गशीर्ष वद्य १३.

येळवशीची तयारी. अमावास्येला सगळं लातूर रानात जेवतं, घरात कोणी राहत नाही. आमचं रान औशाच्या वाटेवर. सूनबाईंनी ठरवलंय, बालमंदिरातली सगळी पोरं गाडीत घालून न्यायची. आंबील लावली. भज्जीला पालेभाज्या निवडल्या — पोरांनीच निवडल्या. काडी राहिली नाही. हे मी सुनेला सांगणार नाही.

शिवगंगेच्या हाताला निवडायचा लई वेग आहे. मातीतून एकेक दाणा उचलावा तसा उचलते. नोकरांच्या घरात वाढलेली पोर हे कुठं शिकली?

येळवस. रानातून आल्यावर.

 झालं ते सगळं लिहिते.

कडब्याच्या खोपीत पूजा झाली. शिवलिंग अय्या आले होते, आमच्या घरचे जंगम. वीरण्णा शेट्यांचं घरदार शेजारच्या रानातून जेवायला आलं. पोरांची पंगत बसली. सणाचा दिवस, म्हणून मी म्हटलं, आज नुसती डबी कपाळाला लावून चालायचं नाही, डबी उघडा, लिंगाला भस्म लावा, मग जेवा.

सगळ्यांनी उघडल्या. शिवगंगेनं उघडली नाही. उजव्या हातात डबी गच्च धरून बसली. सून लगबगीनं म्हणाली, 'अव्वा, तिची राहू द्या. झाकण घट्ट आहे.' दाताची खूण असलेली डबी मी ओळखते, झाकण कधीच घट्ट नव्हतं. मी उघडली.

आत चिंचोका.

लिंग नाही! भर पंगतीत, सणासुदीला, लेकराच्या गळ्यात लिंग नाही आणि पुढ्यात अन्न वाढलेलं. मी ओरडले. कोणत्या हलगर्जी बाईनं लेकराचं लिंग हरवलं आणि वर बी भरून दिली? सून पांढरी पडली. 'अव्वा, घरी जाऊन बोलू.'

'घरी? तवर लेकरू उपाशी ठेवू?'

वीरण्णाची बायको म्हणाली, 'अरं देवा, लिंग गेलं तर माणूस पाणी घेत न्हाई!' बरोबरच बोलली. अय्यांच्या झोळीत लिंगं असतातच. पोरीला मांडीवर घेतलं. सून माझा हात धरत होती, झिडकारला. कोणाचंही पाप असेल, लेकरानं काय केलंय? आणि आमच्या घरचं आहे तर बिनलिंगाचं राहायचं नाही. अय्यांनी कपाळाला भस्म लावलं, कानात मंत्र सांगितला, लिंग डबीत घालून गळ्यात बांधलं. तिचा डावा हात मी उलगडला आणि म्हटलं, 'या हातावर. लिंग बघितल्याशिवाय घास नाही. लिंग नसंल तर अन्न नाही. कळलं?' मान हलवली.

मग जेवली. काय जेवली! आंबील तीनदा मागितली, ओंजळीतच.

महादेवी लांब बांधावर उभी राहून पदर तोंडात धरून रडत होती. सूनही. मला वाटलं, मी पोरीला घरात घेतलं म्हणून.

पौष शुद्ध २.

पोरगी नांदेडची नाही. मलप्पाची नाही.

सुनेनं सकाळी कोठीत येऊन सांगितलं, उभ्या उभ्या. 'मांगवाड्यातली आहे, अव्वा. सुंदराची. गंजात सांडलेलं धान्य झाडते ती सुंदरा. आई झाडायची तेव्हा पोरगी आपल्या भिंतीशी बसायची. आत मुलं जे करायची ते ती बाहेर मातीत करायची. खडे निवडायची. मी आत घेतली.'

बाजेवर बसले.

'मला का सांगितलं नाहीस?'

'सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं असतं?'

'नाही.'

'मग?'

'आणि बसूची डबी?'

'रिकाम्या गळ्याची पोर तुम्ही पहिल्या दिवशीच ओळखली असती. लिंग बांधायचा अधिकार मला नाही. डबी माझी होती. बसूला ती आता लागत नाही.'

एवढं सांगून ती पोरांकडं गेली. 

सगळं उलटं वाचलं मी. पाणी वरून घ्यायची ती, मी राजाची लेक म्हणाले. जोड्यांजवळ बसायची, मी पाहुणी म्हणाले. वाकून दाणे उचलायची, मी नोकर मोजले. माझ्या लेकाशी मी धड बोलले नाही, आणि तो धर्मशाळेतच उतरत होता. थोडं चुकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला लिहू.

तिचं नाव ठकू. अंगणात होती. 'ठकू' म्हटलं. पहिल्या हाकेला वळली.

पण लिंग मी बांधलं! सून नाही, महादेवी नाही. मी.

पौष शुद्ध ३.

गंजात कळलं. ठकू आईकडं पळत गेली गळ्यात लिंग घेऊन, झाडणाऱ्या बायांनी बघितलं, हमालांनी बघितलं. वीरण्णा चहाच्या वेळेला दारात.

'लक्ष्मम्मा, माझा नातू तिच्या पंगतीला बसवलात.'

'चावला नाही त्या दिवशी कुणाला,' मी म्हटलं.

'थट्टा न्हाई ही. लिंग काढून घ्या, अय्या नदीला सोडतील. पोरगी पुन्हा दारात दिसायची न्हाई. अन् हे बालमंदिर बंद. न्हाईतर तुमच्या घरी कुणी पाणी पिणार न्हाई. उद्या पंच येतील. जबाब तयार ठेवा.'

गेल्यावर मलप्पा बसला. तो भ्यालाय. आडत आहे, गंजात रोज तोंड दाखवायचं आहे. म्हणाला, 'अव्वा, तू सांग, डोळ्याला दिसत न्हाई. कुणाची पोर ते कळलं न्हाई. वय झालं म्हणतील, सोडून देतील. उमा चार दिवस सोलापूरला जाईल. अय्याही तेच सांगतील, त्यांनाही ठाऊक नव्हतं.'

'तालिमातवाल्यापुढं बहिरी झाले. आता पंचांपुढं आंधळी. पुढच्या वेळी काय, मढं?'

पण हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. सून ठोकळे पेटीत भरून राहिली होती, एकेक, आवाज न करता. म्हणाली नाही काही. तेच मला खटकतं. बोलली असती तर भांडले असते.

ठरलं. मी आंधळी. लिंग नदीत. पोरगी मांगवाड्यात.

पौष शुद्ध ४, सोमवार. सकाळ.

सुंदरा मागच्या दाराशी आली. आत ये म्हटलं, आली नाही.

'अव्वा, लेकरू घास घेईना बगा. आधी डाव्या हातावर लिंग घेतं, बघत बसतं, मंगच खातं. न्हाईतर उपाशी उठतं. तुमीच सांगितलं म्हनं तिला, लिंग न्हाई तर अन्न न्हाई. आज काढून नेलं तर मी कसं खाऊ घालू?'

मी सांगितलं होतं. सगळ्याच पोरांना सांगते. वाण्यांची पोरं माझी पाठ फिरली की विसरतात.

ठकू आईच्या मागं उभी होती. माठ दाखवला. घे म्हटलं, हातानं. आईकडं बघितलं, मग घेतलं. अर्धं प्याली, अर्धं अंगावर.

माझी बाज कोठीतून काढून पुढच्या खोलीत, दाराच्या मधोमध टाकायला लावलीय. उमानं पेटी उघडून ठोकळे बाहेर काढायचे, सोलापूरची गाडी सोडून द्यायची, आणि पोरांना घेऊन तूर-हरभरा निवडत बसायचं. ठकू सतरंजीवर, मधे, गळ्यातल्या लिंगासकट. मलप्पानं गंजात जायचं. अय्यांनी खाली बघायचं. पंच विचारतील तेव्हा यांतलं कोणीही तोंड उघडायचं नाही. पोरं अव्वा सांभाळती म्हणून सांगितलंय ना सरकारात? मग जबाब मीच देणार.